इच्छा लागलेलं झबलं

प्रिय आक्का,

शाळेत गुरुजींनी पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहायला शिकवलं होतं, तेवढं माझ्या ध्यानात राह्यलंय. बाकी चौथीत शाळा सुटली आन मी शेरडांमागं गेले. तू माझी थोरली जाऊ. चारचौघांत मी तुला अहो-जाहो करायची आन चुलीपुढं अगं-तुगं. हे पत्र चुलीपुढचं समज.

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं. इतके दिवस न्हाई लिहिलं आन आजच कामून लिहून राह्यले, असं म्हणशील. कारण आहे. तुझ्या जांभळ्या लुगड्याचं एक प्रकरण झालंय. गावातलं कोणी तिकडं तुझ्याकडं आलं तर उलटंसुलटं सांगेल. म्हणून म्हणलं, आपणच आधी कळवावं.

पहिलं हे ऐक, मला नात झाली! माझ्या गजूला! दोन पोरांच्या पाठीवर पोरगी! हासतीस ना? हास. रंग माझ्यावर गेलाय, म्हणजे काळी आहे, पण नाक असं सरळ की काय सांगू. मुठी वळून झोपती, जसं काही कोणी तिचे शेंगदाणे पळवून नेणार आहे. परवा बारसं झालं. नाव ठेवलं इरा. एवढंच! तोंडात घेईतोवर संपतंय. मी म्हणलं, अजून एखादं अक्षर तरी लावा. तर गजू म्हणतो, “आई, आता अशीच नावं असतात.” असू दे बापा. मी तिला ठमीच म्हणते.

आता लुगड्याचं सांगते.

आपली रीत तुला सांगायची म्हणजे अवघडच, तूच मला शिकवलेली. नव्या लेकराच्या अंगाला बारशाला पहिलं शिवलेलं कापड लागतंय, ते नवं लावायचं न्हाई. भरपूर जगलेल्या म्हातारीचं जुनं, मऊ झालेलं लुगडं आणायचं आन त्याचं झबलं करायचं. ते विकत घ्यायचं न्हाई. न सांगता उचलायचं तर बिलकुल न्हाई. लेकराच्या आजीनं स्वतः त्या घरच्या दारात जायचं, पदर पसरायचा आन मोठ्यानं म्हणायचं, “लेकराला कापड द्या.” गजूच्या थोरल्या पोराच्या येळी मी बायांची लाज धरून पुटपुटले होते, तर तू उंबऱ्यातून ओरडली होतीस, “ऐकू न्हाई आलं! मागायला आलीस का चोरायला?” अशी तू.

तर माझ्या मनात पहिल्या दिवसापासून तुझंच लुगडं. तुझ्याएवढं जगलेलं, हासलेलं आन भांडलेलं दुसरं कोण आहे भावकीत? पण तुझी पेटी आता तुझ्या सुनेकडं. सुनंदाकडं. आन तिथंच सगळी अडचण होती.

मी आमच्या सूनबाईला, मंगलला म्हणलं, “मी सुनंदाच्या दारात जाते कापड मागायला.” बाळंतीण पोरगी, खाटेवर डिंकाचा लाडू खाऊन राह्यली होती. लाडू हातातच राह्यला.

“आई, त्यांच्याकडून नको.”

“कामून?”

“तुम्हाला म्हाईत आहे कामून. त्यांना लेकरू न्हाई. देताना मनातून काही आलं म्हणजे? माझ्या आईचा फोन आल्ता, ती बी म्हणली नको.”

“लुगडं आक्काचं आहे.”

“मंग त्या शेतात गेल्या की पेटीतून आणा ना हळूच. त्यांना कळणार बी न्हाई.”

ऐकलंस? मागून आणायचं कापड हळूच आणा म्हणती! मला राग आला न्हाई आक्का, खोटं सांगत न्हाई. बाळंतिणीचं मन ते, पाल चुकचुकली तरी भितंय. पण मला त्या येळी तुझी आठवण आली. आन ते कीर्तन आठवलं.

आठवतंय का तुला? मारुतीच्या देवळापुढं मांडव होता, सप्ताहाचा. तरणे बुवा आले होते, आवाज असा की मांडवाचे बांबू हालावेत. त्यांनी माणसाचे सहा शत्रू सांगितले. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. मी बोटं मोजत होते, कारण मला एक सदा कमी पडतोय. कीर्तन संपलं, लोक पाया पडायला उठले आन तू रांगेत पुढं घुसून पाया पडायच्या ऐवजी सवालच केलास.

“बुवा, पहिला काम सांगितला अन् शेवटचा मत्सर. काम म्हणजे मला पाहिजे. मत्सर म्हणजे बी मला पाहिजेच की! मंग एकच शत्रू दोनदा कामून मोजला?”

मागून कोणीतरी म्हणलं, “म्हातारे, पुढं सरक, रांग थांबली.” मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण बुवा भला माणूस. हासला, खाली बसला आन तुला बी बसवलं.

“आजी, काम म्हणतो, मला पाहिजे. मत्सर म्हणतो, तिला कशाला? काम लई वाढला की माणसाला जाळतो, म्हणून तो शत्रूत मोजला. पण त्याला हाताला धरून देवापुढं नेता येतं. तो देवाकडं तोंड करून उभा राहतो, माग म्हणलं तर मागतो, थांब म्हणलं तर कधीमधी थांबतो बी. मत्सराचं तोंड सदा शेजारच्या घराकडं. त्याला गाभाऱ्यात नेलं तरी तो देवाकडं पाठ करूनच बसणार.”

घरी परतताना तू पुढं झपाझप चालत सुटलीस. तुला गाठायला मला पळावं लागलं! आन मंग वेशीपाशी थांबून म्हणलीस, “चंद्रे, म्हणजे राजूरला मी करते ते बराबर आहे.”

राजूरला तू काय करायचीस ते त्या गणपतीला बी म्हाईत आन सगळ्या रांगेला बी. चतुर्थीला भोकरदनहून गाडी पकडायची, रांगेत पाय दुखेपर्यंत उभं राहायचं, आन एकदा का मूर्ती दिसली की तू चालू. “बाप्पा, माझ्या सुनंदाची कूस उजव! एक नातू दे न्हाई तर नात दे, पण दे!” पुढचे मागचे माना वळवून बघायचे. मी बाजूला हात जोडून मनातल्या मनात म्हणायची, मला एक नात पाहिजे. तर तू मला कोपरानं ढोसायचीस. “मोठ्यानं माग. देवाला तुझ्या मनातलं कळतंय, पण तुला कळायला नको का?”

त्या दिवशी वेशीपाशी तू मला त्याचा अर्थ सांगितलास. म्हणलीस, “मोठ्यानं मागता येतंय ती इच्छा. मत्सर मोठ्यानं मागून दाखव बरं! गणपतीपुढं उभं राहून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणून दाखव, की बाप्पा, अमकीची म्हैस आटू दे. जीभ उचलणार न्हाई.” मला इतकं हासू आलं की मी वेशीच्या दगडावर टेकले. खरंच की! असा नवस कोणी मोठ्यानं बोललेला मी तरी ऐकला न्हाई.

आन तू होतीसच तशी. माझी नवी डोरली आली तवा बाकीच्या बाया ‘बरी आहेत’ म्हणून तोंडं फिरवून गेल्या. तू एकटीनं हातात घेतलीस, वजन केलंस, गळ्याशी लावून आरशात पाह्यलंस आन म्हणलीस, “मला रात्रभर झोप न्हाई लागायची. मला बी अशीच पाहिजेत.” मंग माघारी माझ्या गळ्यात घालून फासा नीट बसवून दिलास. तुला पाहिजे होती, पण माझ्या गळ्यातली जावी असं तुझ्या ध्यानीमनी बी नव्हतं.

मंग आक्का, एक इचारू? रागावू नको. इतकं सगळं कळत होतं तुला, तर घरच्या सुनेच्या बाबतीत कामून इसरलीस?

गावात कुठं बारसं असलं की तू नटूनथटून निघायचीस आन दारातून म्हणायचीस, “सुनंदा, तू थांब घरी. दूध तापवायचं आहे.” दर बारशाला दूधच कसं तापवायचं असायचं गं? एकदा मी तुला म्हणलं बी, अगं येऊ दे की तिला. तर तू म्हणलीस, “लोकांनी बोलण्याआधी आपणच ठेवलेली बरी.” लोकांच्या तोंडाला लावायचं कुलूप तू तिच्या पायाला लावलंस! तिच्यासाठी राजूरला एवढ्या रांगेत ओरडणारी तू, पाळण्यापाशी मात्र तुझा आवाज बसायचा. तिची इच्छा ती नजर आन तुझी इच्छा तो नवस, असं कुठं असतंय का?

का तू तिला जपत होतीस? बायांच्या टोमण्यांपासून? ते मला अजून कळालेलं न्हाई. तू असतीस तर भांडून इचारलं असतं.

असो. मंगल नको म्हणली तरी मी गेले. पदर पसरायला गेले, हळूच आणायला न्हाई.

सुनंदा मशीनवर बसली होती. आता तिच्याकडं लई काम असतंय. गावातल्या बायांचे ब्लाऊज, आन लेकरांच्या कुंच्या तर सगळ्या तिच्याच हातच्या. गंमत बघ, तिनं शिवलेली कुंची घालून गावातलं लेकरू पाळण्यात निजतंय, आन तिला पाळण्यापाशी बोलावत न्हाईत. कुंचीला नजर लागत न्हाई वाटतं!

मी उंबऱ्याबाहेर उभी राह्यले आन तू शिकवलं तसं मोठ्यानं म्हणलं, “लेकराला कापड द्या!”

मशीन थांबली. ती उठलीच न्हाई. म्हणली, “काकी, तुम्ही चुकून आलात का?”

“चुकून कशी? घर वळखीचं आहे माझ्या.”

“मंगलला इचारलं का?”

“कापड मंगल मागत न्हाई, मी मागते. आक्काचं जांभळं लुगडं दे.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. मंग आत गेली. लई येळ लागला. मला वाटलं रडून राह्यली का काय. मी आपली अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा मोजत बसले. आली ती हातात पातळ फडकं घेऊन. उघडलं तर आत लुगडं न्हाईच! आत एक झबलं. इतकुसं. कडुलिंबाचा पाला वाळून त्याला चिकटलेला.

“लुगडं राह्यलं न्हाई काकी,” ती म्हणली. “माझं लगीन झाल्यावर पहिल्या वर्षीच आत्याबाईंनी मला ते दिलं होतं. म्हणल्या, आपल्या घरच्याला बाहेर मागायला कशाला जायचं. मी तवाच शिवून ठेवलं. मशीन नव्हती, हातानं शिवलं. बाकीच्या कापडाचं हे फडकं.”

मी आत जाऊन झबलं जवळून पाह्यलं. खांद्यापाशी रफू होतं, तुझंच, काळ्या दोऱ्याचं. हुरड्याच्या आगटीची ठिणगी उडाली होती ना तुझ्यावर, तेच ते भोक. आक्का, तू मला कधी बोलली न्हाईस. तू स्वतःहून तिला लुगडं दिलं होतंस! इतक्या आशेनं! आन ती इतकी वर्षं दर पावसाळ्याआधी ते काढायची, ऊन दाखवायची, पाला बदलायची आन ठेवून द्यायची.

“लुगडं न्हाई तर न्हाई,” मी म्हणलं, “हेच दे मला.”

तर तिनं हात मागं घेतला. “नको काकी. याला माझी इच्छा लागलीय. कोरं असतं तर दिलं असतं. इच्छा लागलेलं दुसऱ्याच्या लेकराला घालू नये.”

“आन नजर?”

“म्हणजे?”

“मंगलला पोरगी झाली कळलं तवा तुला काय वाटलं? खरं सांग, मी आक्काची जाऊ आहे, मला चालतंय.”

ती खाली बघून म्हणली, “रडले. मला बी पाहिजे होती असं वाटलं.”

“मंगलला नसती झाली तर बरं झालं असतं, असं वाटलं का?”

अशी दचकली की झबलं पडता पडता राह्यलं. “काकी! असं कसं म्हणता तुम्ही! त्या लेकराच्या कुंचीचं माप बी मी मनातच घेऊन ठेवलंय.”

मंग झबल्याची घडी घालत म्हणली, “एकदा वाटलं होतं. लई वर्षांखाली. हातपंपावर एक बाई पोटावर हात फिरवत मला टोमणा मारून गेली, तवा मनात वाईट आलं. मला माझंच भ्याव वाटलं. तवापासून मीच आत्याबाईंना म्हणायचे, मी घरी थांबते, दूध तापवायचं आहे.”

ऐकलंस आक्का? म्हणजे दुधाचं ते दोघींचं ठरलेलं होतं तर! आन मी इतकी वर्षं तुलाच बोल लावत होते. अर्धा बोल मागं घेते. अर्धा राहू दे, तू तिला एकदा तरी ‘चल’ म्हणायचं होतंस.

मी तिला म्हणलं, “बाई, वाईट मनात येऊन गेलं, तू त्याला बसायला पाट दिला न्हाईस. आमच्या सासऱ्यांची मेंढरं आठवतात का तुझ्या सासूनं सांगितलेली? कोकरू मेलेली मेंढी कळपात सगळ्या पिलांपाशी जाती, हुंगती, ओरडती. तिला पिलू पाहिजे असतंय. पण दुसरीच्या पिलाला तिनं तुडवलं असं कधी झालं न्हाई. आक्का तिचंच दूध बिनआईच्या पिलाच्या पाठीवर चोळायची आन तिच्यापुढं सोडायची. ती चाटायला लागली की झालं काम. मेंढीला कळतंय ते गावाला कळू न्हाई का?”

तिनं हासत हासत डोळे पुसले. म्हणली, “काकी, तुम्ही मला मेंढी म्हणून राह्यल्या का?” मी म्हणलं, “मंग काय झालं? मी बी त्याच कळपातली!”

मंग मी परत उंबऱ्याबाहेर गेले, परत पदर पसरला. तिनं झबलं पदरात घातलं. पण एक अट घातली, मंगल ‘हो’ म्हणली तरच अंगात घालायचं.

आता मंगलचं काय? तिच्यापुढं मी बुवांचं कीर्तन केलं न्हाई. झबलं तिच्या मांडीवर ठेवलं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती टाके बघत राह्यली, बारीक, तांदळाएवढे. म्हणली, “आई, नजर लागली तर?”

मी म्हणलं, “दिवाळीत तू काय म्हणलीस? सुनंदाबाईसारखी मशीन मला पाहिजे. रोज तिच्या खिडकीतून मशीनीकडं बघत जातीस. मंग तिची मशीन मोडली का? सुई तरी मोडली का एखादी?”

“मला तिची थोडीच पाहिजे! तिच्यासारखी पाहिजे!”

एवढं बोलली आन स्वतःच थांबली. माझ्याकडं पाह्यलं. मी लसणाच्या पाकळ्या सोलत बसले, जसं काही मला कळालंच न्हाई. थोड्या येळानं म्हणली, “त्यांनाच बोलवा. मला असं हातशिलाईचं बारीक घालता येत न्हाई, टाके उसवतील.” झबलं घालायला कसले टाके उसवतात! पण मी म्हणलं, बराबर आहे पोरी, त्यांनाच बोलवते.

परवा बारशाला सुनंदा आली आक्का. हिरवी साडी नेसून. भिंतीला टेकून बसली, दाराजवळ, जसं काही कोणी म्हणलं की उठून जाता यावं. मंगलची आई कपाळाला आठ्या घालून. बाया इकडून तिकडं बघून राह्यलेल्या. मंगल उठली, पोरीला घेऊन सरळ तिच्यापाशी गेली आन तिच्या मांडीवर ठेवली. “घाला ताई.”

तिनं झबलं घातलं, आन नाडी काय नीट बांधली! आपली ठमी तुझ्या जांभळ्यात अशी दिसली, काळी आन जांभळी, जसं पिकलेलं जांभूळ. मंग पाळणा. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाया लेकरू पाळण्याखालून वरून देऊ लागल्या. सुनंदाच्या हातात आलं तवा तिनं पुढं दिलंच न्हाई. सगळ्या थांबल्या.

आन ती मोठ्यानं म्हणली, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं, “मला अशीच पाहिजे होती.”

मंग ती पोरीकडं बघून, अजून मोठ्यानं म्हणली, “तू आलीस, लई बरं केलंस. माझ्या सासूएवढी जग.”

आक्का, सगळ्या घराला ऐकू गेलं गं! तू राजूरला ओरडायचीस ना, तसाच आवाज. मंगलची आईच पहिली रडली, आठ्या तशाच ठेवून. आन ठमीनं काय केलं म्हाईत आहे का? झबलं ओलं केलं. मी म्हणलं, झाली बाई देवघेव.

झबलं धुऊन वाळत घातलंय. मी हे लिहून राह्यले तर समोर दोरीवर हालतंय. उद्या घडी करून सुनंदाच्या घरी नेऊन देणार आहे, परत त्या पेटीत, नव्या पाल्यात. आन तुला शब्द देते, आता भावकीत कोणाचं बी लेकरू जन्मलं, तर मी त्याच्या आजीला हाताला धरून सुनंदाच्याच दारात नेईन आन मोठ्यानं मागायला लावीन. पुटपुटली तर तुझ्यासारखी उंबऱ्यातून ओरडीन. येत्या चतुर्थीला सुनंदाला राजूरला बी नेते. काय मागायचं ते तिचं ती ठरवील. मी फक्त कोपरानं ढोसायला शेजारी उभी राहीन. माझ्यानंतर हे काम ठमीनं करायचं, तिला कळायला लागलं की सांगून ठेवते.

आता थांबते, ठमी उठली. मुठी आवळून ओरडून राह्यली. मागती बघ कशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी!

तुझी धाकटी जाऊ,
चंद्रभागा
(तुझी चंद्री)